केवढ्याला मिळाली?

दिवाळीच्या फराळाला आलेल्या पाहुण्यांपुढे चकली-करंजीच्या ताटाबरोबर यजमान आणखी एक गोष्ट हमखास ठेवतात. ती म्हणजे जुन्या बाजारातली त्यांची एखादी अलीकडची खरेदी. पितळेची समई असो, शिसवी पेटी असो की तांब्याचे घंगाळ असो, प्रश्न ठरलेला असतो : "केवढ्याला मिळाली असेल, सांगा पाहू!" पाहुण्याने समंजसपणे जरा चढा आकडा सांगावा आणि यजमानाने विजयी मुद्रेने त्याच्या चौथाईवर उतरावे, हा आपल्याकडचा शिष्टाचारच होऊन बसला आहे. या निरुपद्रवी सुखाला कुणी नावे ठेवावीत असे मला वाटत नाही. पण त्याच्या पोटात एक प्रश्न दडलेला आहे, आणि तो सणाच्या दिवशी विचारला म्हणून फराळाची चव बिघडेल असेही नाही. वस्तू स्वस्तात मिळाल्याचा आनंद म्हणजे दुसऱ्या कुणाच्या नुकसानीचा आनंद तर नव्हे?

प्रश्न हवेत राहू नये म्हणून एक प्रसंग कल्पू या. छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत, जाफर गेटपाशी दर रविवारी आठवडी बाजार भरतो. तिथे एखाद्या फाटक्या तरटावर जुन्या कपड्यांच्या ढिगात हिमरूची एक शाल पडली आहे असे समजा. सुती ताण्यात रेशमाची नक्षी भरणारे हे विणकाम म्हणजे या शहराची जुनी ओळख. हातमागावर ते विणणारे आता थोडे उरले आहेत. विकणाऱ्याच्या लेखी मात्र ती एक जुनी चादर आहे आणि तो तिचे शंभर रुपये मागतो. आपल्याला तिची खरी किंमत कळली आहे. आता शंभराची नोट काढून मुकाट्याने चालू लागावे, की "बाबा रे, ही शाल मोलाची आहे" असे सांगावे?

हा पेच आजचा नाही. सिसेरो या रोमन विचारवंताने ख्रिस्तपूर्व ४४ मध्ये आपल्या मुलाला उद्देशून कर्तव्याविषयी एक ग्रंथ लिहिला. त्यात स्कीव्होला नावाच्या एका गृहस्थाची हकिकत आहे. त्याला एक जमीन विकत घ्यायची होती. विकणाऱ्याने किंमत सांगितली. स्कीव्होला म्हणाला, माझ्या मते ही जमीन त्याहून अधिक मोलाची आहे. आणि त्याने आपण होऊन एक लाख नाणी वर दिली. सिसेरो सांगतो की, हे कृत्य सज्जनाचे होते हे सगळ्यांनाच मान्य होते. मात्र ते शहाण्याचे नव्हते, असेही लोक म्हणत. सज्जन वेगळा आणि शहाणा वेगळा मानण्याची ही रीतच अनर्थाचे मूळ आहे, असा त्याचा अभिप्राय आहे. दोन हजार वर्षे उलटली तरी "चांगला आहे हो, पण व्यवहार कळत नाही" हे आपले वाक्य काही बदललेले नाही!

तरीही प्रत्येक खरेदीदाराने स्कीव्होला व्हावे असा आग्रह मी धरणार नाही. जुन्या बाजारातला मुरलेला दुकानदार वाड्यातले सामान घाऊक उचलतो. त्यातल्या दहा वस्तूंवर कमावतो, एका वस्तूवर चुकतो. घासाघीस हा त्याचा रोजचा खेळ आहे आणि त्याचे नियम दोन्ही बाजूंना ठाऊक आहेत. शिवाय ज्याने वर्षानुवर्षे संग्रहालये पालथी घातली, पुस्तके चाळली, ढीग उपसले, त्याच्या नजरेलाही काही मोल आहेच. या डावात त्याची सरशी झाली तर त्यात अन्याय नाही.

पण विकणारा खेळात नसून अडचणीत असेल तर? कुणाच्या घरी आजारपण आहे म्हणून माजघरातले घंगाळ मोडीत निघाले असेल, तर तिथे आपले ज्ञान हे कौशल्य राहत नाही. ते दुबळ्यावर उगारलेले हत्यार होते. दाराशी येणाऱ्या बोहारणीचेही तसेच. चार जुन्या साड्यांवर एक पातेले आणि त्या पातेल्यावर आणखी एक वाटी उकळणारी गृहिणी त्या दिवशी भारी खुशीत असते. पण हेच कपडे धुऊन, शिवून, बाजारात बसून विकायचे आणि त्यावर घर चालवायचे, हे त्या बाईचे पोट आहे. तिच्याकडून ओढून घेतलेल्या वाटीला हुशारीचे बक्षीस म्हणावे काय?

मला एक साधी कसोटी सुचते. ज्या खरेदीची कहाणी विकणाऱ्याच्या देखत सांगता येईल, ती खरेदी स्वच्छ. फराळाच्या ताटावर आपण जी विजयगाथा रंगवतो, ती सांगताना तो माणूस शेजारी बसला आहे अशी कल्पना करावी. आवाज तितकाच खणखणीत राहिला तर उत्तम. तो खाली आला, तर किमतीत काही द्यायचे राहिले आहे असे समजावे.

दुसरी गोष्ट वस्तू घरात आल्यानंतरची. पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर, म्हणजे कवी 'अज्ञातवासी', यांनी अडकित्ते, दिवे, कुलुपे, पाय घासायच्या वजऱ्या अशा इतरांनी अडगळ मानलेल्या वस्तू आयुष्यभर गोळा केल्या. अकाली गेलेल्या मुलाचे, राजाचे, नाव त्यांनी संग्रहालयाला दिले आणि वीस हजारांच्या घरातला तो संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. ज्या कारागिरांची नावेही कुणाला ठाऊक नाहीत, त्यांची कला आता सर्वांना पाहायला मिळते. आपली ऐपत तेवढी नसली तरी वस्तू पुसावी, वापरावी, तिची माहिती मुलांना सांगावी, एवढे जमण्यासारखे आहे. कपाटात कोंडलेली वस्तू स्वस्तात घेतली काय नि महाग घेतली काय, वायाच गेली.

देण्याघेण्याचे हे शास्त्र शिकायचे तर बाजारापेक्षा गच्चीवरची बाग अधिक चांगली शिक्षिका आहे. ज्या शहराने नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येणारे उन्हाळे काढले, तिथेही लोक भाज्या धुतलेले पाणी जपून मोगऱ्याला घालतात. मोगरा बहरला की शेजारीण फांदी मागते आणि देणाऱ्याचे झाड त्याने उणे होत नाही. छाटणीने ते उलट अधिक फुटते. पुढे कधी पाण्यावाचून आपले झाड वाळलेच, तर तिच्या कुंडीतली फांदी आपल्या घरी परत येते. या व्यवहारात कोण जिंकले, हे आजवर कुणी विचारलेले नाही. रविवारच्या बाजारात भाव करताना त्या मोगऱ्याची आठवण ठेवली, तर दहा-वीस रुपये अधिक जातील खरे; पण घरी येणारी वस्तू कुणाची हाय घेऊन येणार नाही.