वहिवाट

जोयड्याहून उळवीच्या चन्नबसवेश्वराकडे जाताना लागणारे कुंभारवाडा हे काळी व्याघ्र प्रकल्पाच्या अरण्यात वसलेले गाव; तेथे माझे मामा, जुन्या सुप्याच्या कचेरीत उमेदवार कारकून म्हणून लागून पुढे शिरस्तेदारीपर्यंत चढलेले आणि आता ऐंशी ओलांडलेले, मामी गेल्यापासून एकटेच राहतात. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस मी त्यांच्याकडे चार दिवस जाऊन राहिलो, ते विश्रांतीसाठी असे घरी सांगितले होते. परंतु 24 वर्षांचे माझे धूम्रपान सोडण्याचा चौथा प्रयत्न नुकताच फसलेला असल्यामुळे, सुपे गाव धरणाच्या पाण्याखाली गेले त्या सुमारास ज्यांनी विडी टाकली आणि पुन्हा कधी ओठांना लावली नाही, त्या माणसाजवळ बसून एक प्रश्न विचारावा, हा माझा खरा हेतू होता.

दुसऱ्या दिवशी सायंकाळी, पाऊस उघडल्यावर, पडवीत बसलो असताना मी तो विचारला.

“मामा, एका शिबिरात मला असे शिकवले की, रोज सकाळी आरशासमोर उभे राहून ‘मी धूम्रपान करीत नाही, मी मुक्त आहे’ असे म्हणावे, म्हणजे मन तसेच घडते. मी ते म्हणत असे, आणि म्हणताना पाकीट माझ्या खिशात असे. तेव्हा हे वाक्य संकल्प म्हणावे की असत्य? स्वतःच्या हितासाठी माणसाने स्वतःशी खोटे बोलावे काय?”

“त्या वाक्यावर तुझा विश्वास होता?”

“पहिले आठ दिवस होता. नवव्या दिवशी मी ओढली, आणि त्या दिवशी सिगरेटपेक्षा त्या वाक्याचीच मला अधिक लाज वाटली.”

“मग ते वाक्य महागात पडले,” मामा म्हणाले. “व्यसन राहिलेच, आणि वर मन दुबळे असल्याचा ठपका आला.”

मला हे एकदम मान्य होईना. मी म्हणालो, “पण आशेच्या बळावर माणसे बरी होतात, हेही खोटे नाही. फ्रान्सातील नान्सी गावचा एमिल कूए नावाचा औषधविक्रेता, 1926 साली तो वारला, लोकांना वीस गाठींची दोरी देऊन, सकाळ-रात्र एकेका गाठीवर बोट ठेवीत आपली प्रकृती सुधारत असल्याचे पुटपुटायला सांगे, आणि त्याच्या दारी रोग्यांची रीघ लागे. आपला जप तरी याहून फार वेगळा आहे काय? शिवाय काही वाक्ये अशी असतात की ती उच्चारल्यानेच खरी होतात. ‘मी आजपासून शाकाहारी आहे’ असे म्हणणारा खोटे बोलत नाही. तो तसा होत असतो.”

“होत असेल, तर त्याने ‘होईन’ म्हणावे. कोर्टात हजर नसताना ‘मी हजर आहे’ असे कोणाला लिहून देता येत नाही; ‘अमुक तारखेला हजर राहीन’ असा मुचलका मात्र देता येतो, आणि कायदा त्याची किंमत धरतो. तुझ्या त्या शिबिरवाल्यांनी मुचलका लिहायच्या जागी हजेरी लिहून घेतली.”

मी पतंजलींचा आधार काढला. प्रतिपक्षभावना म्हणजेच आजची सकारात्मक विचारसरणी, असे त्या शिबिरात सांगितले गेले होते. मामांनी मान हलवली. “पुढचे सूत्रही वाचावे. हिंसादी वितर्कांची फळे अनंत दुःख आणि अज्ञान ही आहेत, हे चित्तात आणणे, याला पतंजली प्रतिपक्षभावना म्हणतात. गोड चित्र रंगवायला त्यांनी कोठे सांगितले आहे? आणि ‘व्यसन’ या शब्दाचा मूळ अर्थच मुळी संकट. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचे आठवे अधिकरण व्यसनांचे आहे. आग, पूर आणि दुष्काळ यांच्याच शेजारी द्यूत आणि मद्यपान त्यात बसवली आहेत. पुरात सापडलेल्या माणसाला ‘पाणी नाहीच असे मान’ म्हणून कोणी सांगत नाही.”

“मग तलफ म्हणजे काय मानावे?”

येथे मामा बराच वेळ थांबले. समोरच्या कुळागरातून, बांधाच्या कडेने, माणसांच्या पायांनी झिजून पांढुरकी झालेली एक पायवाट खाली ओढ्याकडे उतरते, तिच्याकडे बोट दाखवून ते म्हणाले, “ती वाट मालकाने आखलेली नाही. लोक चालले, म्हणून झाली. 1882च्या इझमेंट कायद्यात असे आहे की, दुसऱ्याच्या जमिनीतून कोणी 20 वर्षे राजरोस आणि बिनहरकत ये-जा केली, तर त्याला वहिवाटीचा हक्क पोचतो. मग मालकाने कितीही ओरड केली तरी तो हक्क ओरडण्याने जात नाही. जातो तो न चालण्याने. अखंड 20 वर्षे कोणी त्या वाटेने गेले नाही, म्हणजे संपतो. तुझी 24 वर्षे झाली. विडीला तुझ्यात वहिवाट मिळालेली आहे. आता आरशासमोर उभे राहून ‘येथे वाट नाही’ असे तू म्हणतोस. तू फक्त चालू नकोस. गवत आपोआप उगवते.”

मग ते आत गेले आणि ट्रंकेतून एक लांबट वही घेऊन आले. कचेरीतल्या आवक-जावक नोंदवहीसारखी ती त्यांनी स्वतः पट्टीने आखलेली होती. डाव्या रकान्यात तलफेची आवक, उजव्यात जावक, मध्ये शेरा. शाई तपकिरी पडली होती. पहिल्या पानावर सकाळी 7-20, चहानंतर, जावक 7-26. मग 9-05, कचेरीच्या पायरीवर, दुसऱ्याच्या विडीचा वास, जावक 9-12. पहिल्या दिवशी 31 नोंदी, दहाव्या पानाला 14, आणि पुढे पुढे एका पानावर आठवडा मावलेला. एकही आवक अशी नव्हती की जिच्यासमोर जावक लिहिलेली नाही.

त्या रकान्यांकडे पाहताना माझे वाचन मला नव्याने कळू लागले. गाब्रिएले ओटिंगन या जर्मन मानसशास्त्रज्ञ बाईंनी पुष्कळ वर्षांच्या संशोधनातून दाखवले आहे की, यशाची नुसती सुखद कल्पना करणारे लोक प्रत्यक्षात कमी झटतात, कारण कल्पनेतच मन तृप्त होऊन सैलावते. उलट इच्छित गोष्टीशेजारी आपल्या आतला अडथळा मांडून ठेवणारे अधिक टिकतात. मी हे मामांना सांगितले, आणि शेवटच्या सिगरेटनंतर 20 मिनिटांत नाडी उतरू लागते, सुमारे 12 तासांत रक्तातला कार्बन मोनॉक्साइड निवळतो, वर्षभरात हृदयविकाराचा वाढीव धोका निम्म्यावर येतो, हेही सांगितले.

“हे सांग की आरशाला!” मामा म्हणाले. “हे शुभही आहे आणि सत्यही आहे.”

तरी माझ्या मनातली एक शंका उरली होती, आणि ती मी दडवली नाही. “वही भरल्यावर पुरावा झाला, हे खरे, परंतु पहिल्या दिवशी, 7 वाजून 20 मिनिटांनी, ती तलफ जाईल हे तुम्हांला कशावरून ठाऊक होते? तेथे पुराव्यावाचूनची श्रद्धाच कामी आली ना?”

“आली,” ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज खाली गेला. “माझ्याजवळ पुरावा नव्हता. तुझी मामी निपाणीची. लहानपणी आईबरोबर तंबाखूच्या वखारीत ती बसलेली, तो खकाणा छातीत घेऊन वाढलेली. तिने मला उपदेश केला नाही. ती म्हणाली, तलफ आली की मला हाक मारा, जाईपर्यंत मी बसते. ती जामीन राहिली. पहिली नोंद तिच्याच अक्षरात आहे, बघ.”

होती. वळणदार, किंचित डावीकडे झुकलेली.

निपाणीचे नाव निघाल्यावर मामा त्या अंगानेही बोलले, आणि ते मला महत्त्वाचे वाटते. 1981 साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तेथल्या तंबाखू उत्पादकांनी रास्त भावासाठी रस्ता अडवला, गोळीबार झाला, शेतकरी मेले. त्याच तंबाखूवर वखारीतल्या बायकांची चूल पेटत होती आणि सरकारचा महसूलही. एवढे मोठे दप्तर एका माणसाच्या मनाच्या दुबळेपणावर ढकलून त्याला ‘चांगला विचार कर’ म्हणून सांगणे हा, माझ्या मते, अन्याय आहे. 2016-17च्या पाहणीत देशातील प्रौढांपैकी 7.7 टक्के विडी ओढणारे आढळले. त्यांतल्या कष्टकऱ्यांना आरशाची नव्हे, शेजारी बसणाऱ्या माणसाची गरज आहे. घरात असे कोणी नसेल, तर 1800-11-2356 हा राष्ट्रीय तंबाखूमुक्ती दूरध्वनी मोफत आहे. तेथे पलीकडे माणूस असतो. वाचकांपैकी ज्याला लागेल त्याने तो जरूर फिरवावा, आणि ज्याने सोडली आहे त्याने कोणा एकाचा जामीन राहावे.

निघताना मामांनी मला कोरी वही आखून दिली. आज 53वा दिवस आहे. काल दुपारी 3-10ला, चहानंतर, आवक झाली. मी कुंभारवाड्याला फोन लावला, मामांनी सुपारीच्या भावाविषयी काहीतरी सांगितले, आणि जावक 3-16ची आहे.