एक कोटी डॉलरची न्याहारी

तैपेईतल्या नानयांग रस्त्यावर सोयादुधाचं एक साधं दुकान होतं. सकाळी गरम सोयादूध, सोबत तेलात तळलेल्या कणकेच्या लांब काड्या, एवढाच तिथला थाट. 7 फेब्रुवारी 1974 रोजी सकाळी तिथे सात माणसं न्याहारीला बसली. तैवानचे अर्थव्यवहारमंत्री सुन युन-शुआन, दळणवळणमंत्री, मंत्रिमंडळाचे मुख्य सचिव फेई ह्वा, दूरसंचार खात्याचे प्रमुख फांग श्येन-छी, शिवाय दोन सरकारी संशोधन संस्थांचे प्रमुख. सातवा माणूस पाहुणा होता. पान वेन-युआन, साठी उलटलेले, अमेरिकेतल्या आरसीए कंपनीच्या प्रिन्स्टन इथल्या प्रयोगशाळेतले अभियंते.

मंत्र्यांना एकच विचारायचं होतं. आम्ही आता कुठला धंदा धरावा?

प्रश्न निकडीचा होता. 1971 मध्ये तैवानची संयुक्त राष्ट्रांतली जागा गेली होती, 1973 च्या तेलसंकटाने महागाईचा भडका उडाला होता. कापड, छत्र्या, चपला, परदेशी कंपन्यांच्या रेडिओ-टीव्हीची जोडणी, अशा स्वस्त मजुरीच्या कामांवर देश चालला होता आणि मजुरी काही कायम स्वस्त राहणार नव्हती. हुशार पोरं अमेरिकेला जात होती. गेलेल्यांतली बहुतेक परत येत नसत.

सुन स्वतः विजेचे अभियंते. शिकलेली माणसं निघून गेली की काय होतं, हे त्यांनी फार आधी पाहिलं होतं. दुसरं महायुद्ध संपल्यावर तैवानची वीजकेंद्रं चालवणारे जपानी अभियंते मायदेशी परतले. बॉम्बहल्ल्यांनी यंत्रणा खिळखिळी झालेली, त्यात चालवणारे गेलेले. थोड्या महिन्यांत बेट अंधारात बुडेल, असं जाणारे म्हणत होते. सुन यांनी तंत्रशाळांतली मुलं गोळा केली, मोडक्या यंत्रांचे भाग काढून दुसऱ्या यंत्रांना बसवले आणि पाच महिन्यांत 80 टक्के वीज पुन्हा सुरू केली. असा माणूस ‘मुलं परत येत नाहीत हो’ म्हणून कपाळाला हात लावून बसत नाही.

पान न्याहारीपर्यंत पोचले कसे, तर ओळखीने. फेई, फांग आणि पान तिघेही शांघायच्या च्याओथुंग विद्यापीठाचे माजी विद्यार्थी. पान 1937 मध्ये स्टॅनफर्डला शिकायला गेले आणि अमेरिकेतच राहिले. म्हणजे तैवान ही त्यांची जन्मभूमी नव्हती, कर्मभूमी तर नव्हतीच. पण परदेशातल्या चिनी अभियंत्यांना बोलावून तैवानमध्ये 1966 पासून तांत्रिक परिसंवाद भरत, त्यांना ते येत असत. सरकारला माणूस हवा होता तेव्हा फांगना वर्गमित्राचा पत्ता हुडकावा लागला नाही. अनिवासींचं ज्ञानजाळं वगैरे भारदस्त नावं पुढे विद्वानांनी दिली. इथे ते तीन वर्गमित्रांचं होतं.

पान यांनी उत्तर दिलं, इंटिग्रेटेड सर्किट. आजच्या बोलीत चिप. मंत्र्यांनी विचारलं, किती वर्षं लागतील? चार. पैसा किती? एक कोटी डॉलर. न्याहारी आटोपेपर्यंत सुन यांचं मन झालं होतं. तैवानच्या तेव्हाच्या ऐपतीला ही रक्कम लहान नव्हती. ज्या देशाला चिपच्या धंद्याचा फारसा अनुभव नाही त्याने हा जुगार खेळावा का, असं विचारणारे पुढे पुष्कळ निघाले, आणि त्यांचं म्हणणं अगदीच वेडगळ होतं असं मला वाटत नाही.

त्याच वर्षी जुलैत पान पुन्हा आले. तैपेईच्या ग्रँड हॉटेलात मुक्काम ठोकून त्यांनी योजनेचा मसुदा लिहिला आणि ऑगस्टमध्ये सुन यांनी तो मंजूर केला. मसुदा लिहिणारा दुसरा कुणी असता तर त्याने स्वतःला सल्लागार नेमून घेतलं असतं. पान होते सूक्ष्मलहरींच्या विद्येतले जाणकार, चिप हा त्यांचा मूळ विषय नव्हे. मात्र तो विषय कुणाच्या हाती आहे, हे त्यांना पक्कं माहीत होतं. अमेरिकेतल्या बड्या कंपन्यांत नि प्रयोगशाळांत काम करणारे चिनी अभियंते त्यांनी निवडून काढले आणि ऑक्टोबर 1974 मध्ये प्रिन्स्टनच्या आपल्या घरी त्यांची सल्लागार समिती बसवली. ही मंडळी आपापली नोकरी सांभाळून जमत. पान यांनी स्वतः तर आरसीएतली नोकरी मुदतीआधी सोडली, आणि तैवान सरकारकडून पगार कधी घेतला नाही.

समितीने काय केलं हे जरा जवळून पाहण्यासारखं आहे. चिप घडवण्याचे तेव्हा चार-पाच मार्ग होते आणि प्रत्येक कंपनी आपलाच माल सरस म्हणून सांगत होती. समितीने सीमॉस हा प्रकार निवडायला सांगितलं. तो तेव्हा मागे पडल्यासारखा दिसे, वेगाने कमी, पण वीज फार थोडी खाई. मनगटी इलेक्ट्रॉनिक घड्याळाला वेग नको असतो, एका इवल्याशा बटणसेलवर महिनोन्महिने चालणं हवं असतं. तैवानने पहिला माल म्हणून घड्याळाची चिपच धरली होती. आज जगातल्या जवळपास सगळ्या चिपा सीमॉसच्या वाटेने बनतात. हा सल्ला पुस्तकात छापलेला नव्हता. कुठल्या प्रयोगशाळेत कुठलं काम जोर धरतंय आणि कुठलं नुसतं जाहिरातीपुरतं आहे, हे आतल्या माणसालाच कळतं. निविदा मागवल्या तेव्हा कुणाच्या आकड्यांवर विसंबावं आणि कुणाच्या नाही, हेही त्यांनीच सांगितलं. अखेर 1976 मध्ये करार झाला तो आरसीएशी.

मग तैवानने माणसं पाठवली, आणि गोष्टीची खरी मेख मला इथे दिसते. एप्रिल 1976 पासून तरुण अभियंत्यांच्या तुकड्या आरसीएच्या कारखान्यांत शिकायला गेल्या. कुणी न्यू जर्सीत आराखडा शिकलं, कुणी ओहायोतल्या फिंडलेला प्रत्यक्ष उत्पादन. प्रिन्स्टनमधून नुकतीच डॉक्टरेट घेतलेले शी चिन-ताय यांच्यासारखे काहीजण अमेरिकेतली वाट सोडून या कामात आले होते. निघताना मंत्र्यांनी ताकीद दिली होती की हात हलवत परत यायचं नाही. परतल्यावर काय करायचं हा प्रश्न कुणालाच नव्हता, कारण शिंचूला प्रात्यक्षिकाचा कारखाना उभा राहत होता. ऑक्टोबर 1977 मध्ये तो सुरू झाला आणि काही महिन्यांतच त्याच्या निर्दोष चिपांचं प्रमाण खुद्द आरसीएच्या वर गेलं. गुरूकडे जे शिकले त्याचा सराव त्यांनी घरी येऊन गुरूहून जास्त कसून केला.

पुढचं बरंच जगाला ठाऊक आहे. 1980 मध्ये शिंचूचं विज्ञान उद्यान उघडलं आणि त्याच वर्षी या प्रकल्पातून यूएमसी ही कंपनी निघाली. आरसीएच्या वारीतले त्साय मिंग-काय यांनी नंतर मीडियाटेक काढली. आपल्यापैकी कित्येकांच्या खिशातल्या फोनमध्ये तिची चिप असते. 1985 मध्ये मॉरिस चांग आले. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये पाव शतक काढलेला हा माणूस चोपन्नाव्या वर्षी तैवानला आला आणि 1987 मध्ये त्याने टीएसएमसी ही चिप बनवणारी कंपनी उभी केली. आरसीए मात्र 1986 मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या पोटात गेली. पान यांचं घर शेवटपर्यंत अमेरिकेतच राहिलं. ते ‘परत आले’ नाहीत आणि तसा आग्रह त्यांना कुणी केल्याचंही दिसत नाही.

ही गोष्ट एकटी सांगितली तर ती नुसती गुळगुळीत यशोगाथा होईल, म्हणून कोलंबियाची दुसरी थोडक्यात सांगतो. 1991 मध्ये तिथल्या सरकारी विज्ञानसंस्थेने, कोल्सिएन्सियासने, परदेशातल्या कोलंबियन संशोधकांना जोडणारं जाळं विणलं. स्पॅनिश सत्तेने 1816 मध्ये ठार मारलेल्या फ्रान्सिस्को होसे द काल्दास या वैज्ञानिकाच्या नावावरून त्याला ‘रेड काल्दास’ म्हटलं. नाव मोठं, हेतू चांगला, माणसं उत्साही. युरोप-अमेरिकेत जागोजागी त्यांची केंद्रं सुरू झाली, याद्या झाल्या, संगणकावरून पत्रव्यवहार झाला, काही संयुक्त प्रकल्पही निघाले. जगभरच्या अभ्यासकांनी आदर्श म्हणून त्याचे गोडवे गायले. आणि दहा वर्षं पुरी व्हायच्या आत ते मंदावत गेलं. मायदेशातल्या संस्थेचा पैसा आणि लक्ष कधी असे, कधी नसे. पॅरिसहून आलेल्या पत्राचं काय करायचं, हे ठरवणारा माणूस बोगोटात टिकून नसे. आडात पाणी भरपूर होतं, पोहरा कुणी धरायचा हे ठरलं नव्हतं.

आपल्याकडे या बाबतीत आड फारच खोल आहे. न्यू जर्सी, बे एरिया, लंडन, म्युनिक, सिंगापूर, कुठेही जा, मराठी मंडळ आहे, गणपती आहे, आणि गणपतीच्या आरतीला चिपचे आराखडे करणारे, औषधं शोधणारे, पुलांची गणितं मांडणारे लोक आहेत. इकडे आपण काय करतो? डिसेंबर-जानेवारीत ते आले की शाल-श्रीफळ देतो, ‘मातीचं ऋण’ यावर भाषण ऐकवतो, जमलं तर सभागृहासाठी देणगी घेतो आणि विमानतळावर सोडतो. देणगी वाईट नाही. पण मायक्रोस्कोपसमोर आयुष्य घालवलेल्या माणसाकडून फक्त चेक मागणं, हा मला त्याचा अपमान वाटतो. आणि आपलाही. गुजरातेत धोलेऱ्याला टाटांचा चिप कारखाना होतो आहे, त्याचं तंत्र तैवानच्या पॉवरचिपकडून येत आहे. बरंच आहे. फक्त तैवानने चिपचं तंत्र आरसीएकडून घेतलं तेव्हा त्यांच्या बाजूने टेबलाशी कोण बसलं होतं, हे विसरू नये.

ज्या ज्या कॉलेजात, आयटीआयत, साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत, तालुक्याच्या रुग्णालयात हा लेख वाचला जाईल, तिथल्या जबाबदार माणसांना एक विनंती. पुढच्या मेळाव्याचं निमंत्रण परदेशातल्या माजी विद्यार्थ्याला धाडताना सोबत तुमचं अडलेलं एक काम लिहून पाठवा: कुठलं यंत्र चालत नाही, कुठली चाचणी जमत नाही, किती पैसा आणि किती मुदत हाताशी आहे. आणि त्याचं उत्तर आलं की ते घेऊन दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला कोण लागेल, त्याचं नाव आधी ठरवून मगच पत्र टाका.