वाऱ्याकडचा काठ

(सामान्य काळातील सहावा रविवार : मत्तय ५:१७-३७)



बावखलावर तेलकट भांडे बुडवले की तवंग बघता बघता पसरतो. बेंजामिन फ्रँकलिन यांनी लंडनच्या क्लॅपहॅम कॉमनमधील तळ्यावर हेच करून पाहिले आणि १७७४ साली ते प्रसिद्ध केले. वारा होता, पाणी खवळलेले होते. त्यांनी प्रथम जिथे लाटा सर्वांत मोठ्या होत्या, त्या काठावर तेल ओतले. वाऱ्याने ते परत काठाकडेच लोटले. मग ते समोरच्या काठाला गेले, जिथून वारा येत होता आणि लाटा नुकत्याच उठू लागल्या होत्या. तिथे फक्त चमचाभर तेल पुरले. सुमारे अर्धा एकर, म्हणजे आपले वीस गुंठे पाणी आरशासारखे झाले!

तेलाच्या कणाचे एक टोक पाण्याला धरते, दुसरे पाण्यापासून दूर राहते. म्हणून तेल ढीग करून राहत नाही. प्रत्येक कण पाण्यावर आपली जागा शोधतो आणि थर अगदी एका कणाइतका पातळ होतो. हा थर बारीक लाटांना उठतानाच शमवतो. (समुद्राचे मात्र वेगळे. पोर्ट्समथजवळ फ्रँकलिन यांनी तेल ओतले, तरी किनाऱ्यावरच्या लाटा तशाच फुटत राहिल्या.)

आजच्या शुभवर्तमानात प्रभू येशू खुनाची आज्ञा सांगून थांबत नाही. तो मागे, रागापर्यंत जातो; भावाला तोंडातून गेलेल्या एका अपशब्दापर्यंत जातो. लाट जिथे उठते, तो हा काठ.

आपण बहुधा उलट करतो. वाडीच्या वाटणीवरून दोन भावांची बोलचाल बंद होते. पहिल्या आठवड्यात कोणी जात नाही. कोर्टाची नोटीस आली, मुलांच्या लग्नाची आमंत्रणे थांबली, की मग फादरांना मध्यस्थीला बोलावतात. फादर जातातही, पण तोवर वारा त्यांचे शब्द परत काठावर आणून टाकतो. आणि खरे सांगायचे, तर 'मोठा मी, आधी त्याने यावे' हे वाक्य आम्हा धर्मगुरूंच्या तोंडीही असतेच.

अर्पण वेदीपुढे ठेवून आधी भावाकडे जा, असे प्रभू सांगतो. चूक कोणाची, हे तो विचारत नाही. भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, एवढे आठवले तरी पुरे.

आज दानार्पणाला अजून थोडा वेळ आहे. तो भाऊ कदाचित याच मंदिरात, पलीकडच्या बाकावर बसला असेल.