जो पळत नाही

"तुझ्या खेळातला माणूस पळून का जात नाही?" सांगवीच्या घरी आत्याने विचारलं.

"तीच तर अडचण आहे, आत्या. खेळ सगळा बोलण्याचा. निवेदक प्रसंग सांगतो, खेळणारे आपापलं पात्र काय करतं ते सांगतात, आणि कुठे शंका आली की फासे टाकतात. 1974 च्या 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'मध्ये पात्रं योद्धे नि जादूगार होती. 1981 मध्ये सँडी पीटरसन यांचा 'कॉल ऑफ क्थुलू' आला आणि त्यात ग्रंथपाल, डॉक्टर, वार्ताहर उतरले. काही भयानक दिसलं की त्यांच्या मनाचं बळ आकड्यांत घटत जातं."

"म्हणजे नारायण धारपांच्या भयकथांतला, भुताखेतांना पुरून उरणारा समर्थ नाही. रत्नाकर मतकरींच्या कथांतली साधी माणसं."

"हो. पण साध्या माणसाला अक्कल असते. माझ्या खेळात त्याला उसात काही दिसलं तर तो घरी येऊन कडी लावेल, आणि खेळ संपेल. म्हणून निवेदक त्याची गाडी बंद पाडतो, मोबाइलची रेंज घालवतो. मला ती लबाडी वाटते."

"लबाडीच आहे. वीज रात्रीची असली की आपल्याकडे दारं धरायला उसात माणूस जातोच ना? बिबट्याच्या बातम्या ऐकूनही जातो. त्याला कुणी कोंडलेलं नसतं. पाणी चुकलं तर ऊस वाळेल, एवढंच."

"मग वाट मोकळी ठेवायची आणि मागे काहीतरी असं ठेवायचं, की पाऊल निघू नये. अंथरुणावरची आई, समजा."

"कुणाची आई?"

"पात्राची. पण योद्धा मेला तर खेळणारे हसतात. दारं धरणारा मेला की एखाद्याला स्वतःचा बाप आठवतो. भीती खरी होते ती तिथेच."

"म्हणजे त्याचा बाप तू वापरलास."

"आधी विचारून घेतो. काय नको ते खेळापूर्वीच ठरतं. मध्येच सोसेना झालं तर टेबलावर एक कार्ड असतं. त्याला हात लावला की तो प्रसंग सोडून द्यायचा, कारण विचारायचं नाही."

"चारचौघांत त्या कार्डाला हात लावायला आपल्या पोरांना उसात जाण्यापेक्षा जास्त धीर लागेल."

हे खरं होतं. नियम केला म्हणून निवेदकाची जबाबदारी संपत नाही. त्याला समोरच्यांचे चेहरे वाचत राहावं लागतं, आणि न सांगता थांबावं लागतं.

"मग आई काढून टाकू?"

"काढू नकोस, मला दे. ती नुसती पडून राहते म्हणूनच त्याच्या पायातली बेडी होते. तिला बोलू दे. ती त्याला जा म्हणेल."

"आणि 'जाऊ नको' म्हणाली तर?"

"तर तिलाही भीती वाटते, हे त्या पोराला कळेल. मग त्याचं त्याला ठरवू दे. तू फासे टाकू नकोस."