आवडीचं वर लिहा

इंजिनिअरिंगच्या प्रवेशाचे दिवस आले की घराघरांत एकच वाद रंगतो. मुलीला पुण्याचं सीओईपी किंवा माटुंग्याचं व्हीजेटीआय हवं असतं. पर्सेंटाइल मात्र काठावरचं. तेवढ्यात एका खासगी विद्यापीठातून फोन येतो, ‘सीट पक्की, रविवारपर्यंत पैसे भरा.’ बाबा म्हणतात, हातचं सोडून पळत्याच्या पाठी कशाला?

पण आपल्या कॅप, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, फेऱ्यांची रचना जरा नीट पाहा. ऑप्शन फॉर्मवर आवडीचं कॉलेज पहिलं लिहिलं म्हणून खालच्या कॉलेजांतली संधी जात नाही. गुणवत्ता यादीत तुमची पाळी आली की वरपासून एकेक पर्याय तपासला जातो. पहिला नाही तर दुसरा, नाहीतर तिसरा. मिळालेली जागा स्वीकारून ‘बेटरमेंट’ निवडलं, तर पुढच्या फेरीत वरचं काही मिळालं नाही तरी आधीची जागा राहते. वरचं मिळालं की मात्र जुनी आपोआप जाते. म्हणून नको असलेलं काही वर लिहू नये. शेजारच्या काकांच्या सांगण्यावरून तर नाहीच!

कॅपबाहेरच्या पक्क्या जागेचा हिशेब वेगळा. तिथे आधी विचारा: प्रवेश रद्द केला तर किती पैसे परत, आणि किती दिवसांत? उत्तर लेखी घ्या. रविवारची घाई नक्की कुणाला आहे, हेही बाबांनी त्या फोनवर विचारायला हरकत नाही.