हरलेल्याची सही

निवडणुकीत जिंकलेल्याला हिशेब लागत नाही. गुलाल त्याला पुरतो. मोजणीची सारी यातायात खरे तर हरलेल्यासाठी असते. त्याने घरी जाऊन "हरलो" असे मोकळेपणाने म्हणावे, एवढ्यासाठी ती टेबले, ते प्रतिनिधी आणि त्या सह्या.

२००४ साली चामराजनगर जिल्ह्यातील संतेमरहळ्ळीत ए. आर. कृष्णमूर्ती एका मताने हरले. ४०,७५२ विरुद्ध ४०,७५१. असा आकडा मान्य करायला माणसाला काय लागते? धीर लागतोच, पण त्याआधी खात्री लागते.

कायद्याने तिची सोय केली आहे. विधानसभा-लोकसभेला बेरीज जाहीर झाली, की निकालापूर्वी अधिकाऱ्याने थांबायचे असते. उमेदवाराने फेरमोजणी लेखी मागावी, कारण द्यावे. अधिकाऱ्यानेही निर्णय कारणासह लिहावा. एकदा निकाल जाहीर झाला, की वाट उच्च न्यायालयाची, तीही ४५ दिवसांत. मते समसमान पडली तर चिठ्ठी! २०१७ साली मुंबई महापालिकेच्या एका प्रभागात तसेच झाले. फेरमोजणीनेही पेच सुटला नाही.

मग फरक थोडा आहे एवढ्यावर फेरमोजणी मागावी का? सर्वोच्च न्यायालयाने तेवढे कारण पुरेसे मानलेले नाही, कारण मताची गुप्तताही सांभाळायची असते. शहरातल्या माणसाला हे कोरडे वाटेल. बेळगुंदीच्या परिसरातल्या कुठल्याही गावात ते पटावे. इथे प्रभाग म्हणजे दोन-चार गल्ल्या. पेटी उघडली, की कोणत्या भावकीने काय केले, शेजारच्या कानडी घराने कोणाला हात दिला, याचे तर्क चावडीवर सुरू होतात. माझा संशय फिटावा म्हणून शेजाऱ्याचे मन किती वेळा उसवायचे? कारण असेल तर जरूर. नुसती चुटपुट असेल तर नाही, असे मला वाटते.

सीमाभागात हा प्रश्न आणखी अवघड होतो. १९९६ साली बेळगाव लोकसभेला ४५६ उमेदवार उभे राहिले. त्यातल्या बहुतेकांना निवडून यायचेच नव्हते; गाऱ्हाणे मोजले जावे, एवढीच इच्छा. (त्याच वर्षी लोकसभेची अनामत ५०० वरून १०,००० रुपये झाली, हेही लक्षात ठेवावे.) ज्या समाजाचा निर्णयांवरचा विश्वास असा पातळ झाला आहे, त्याला प्रत्येक पराभवात डाव दिसू लागतो. तो संशय मी बेइमानी मानत नाही. पण टेबलावर गप्प बसून सही करायची आणि संध्याकाळी चहाच्या गाड्यावर "गोलमाल झाला" म्हणायचे, हा मात्र ज्यांनी आपल्याला मत दिले त्यांच्यावरच अन्याय आहे.

आणि सही कशावर? मोजणीच्या तक्त्यावर प्रतिनिधीची सही घेतात. आकडे डोळ्यांना कळतात. पण भोवतीचा कन्नड मजकूर आपल्या कित्येक पोरांना नीट वाचता येत नाही, आणि मान खाली जाईल म्हणून ती विचारत नाहीत. न वाचता केलेली सही म्हणजे खोटी साक्षच. "साहेब, हे मराठीत वाचून दाखवा, मग सही करतो," असे त्याने म्हणावे. त्यात भाषेचा अभिमान आणू नये, आणि भीडही धरू नये. दोन मिनिटांचे काम आहे.