तुमचं लक्षात आहे

काही वर्षांपूर्वी एक पत्र इंग्रजीत करून द्यायचं काम माझ्याकडे आलं. हाताने लिहिलेलं, मराठीत, जेमतेम चार ओळींचं. लिहिणारा भिलाईतला मोठा ठेकेदार. ज्याला लिहिलं तो औद्योगिक वसाहतीत फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप चालवणारा. दोघांचीही घरं मूळची विदर्भातली, त्यामुळे बिलं इंग्रजीत, बोलणं हिंदीत आणि भिडेखातर लिहायचं ते मराठीत. कामाची ओळ एवढीच होती : 'तुमचं लक्षात आहे. दिवाळीनंतर पाहू.' (ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत.)

काम देणारे वकील ठेकेदाराच्या बाजूचे होते. पंचवीसेक वर्षं व्यापारी दावे लढवलेले, अभ्यासू, सभ्य गृहस्थ. वर्कशॉपवाल्याचं बिल थकून चार वर्षं झाली होती आणि प्रकरण लवादापुढे गेलं होतं. १९६३ च्या मुदत कायद्यानुसार अशा येण्यासाठी तीन वर्षांच्या आत दाद मागावी लागते, आणि लवादालाही तोच कायदा लागू आहे. मात्र त्याच कायद्याच्या कलम १८ प्रमाणे, मुदत संपण्याआधी देणेकऱ्याने सहीनिशी लेखी देणं कबूल केलं, तर त्या दिवसापासून मुदत नव्याने मोजतात. हे पत्र दुसऱ्या वर्षातलं होतं. ते कबुली ठरलं तर दावा जिवंत, नाहीतर मेलेला.

आता 'तुमचं' म्हणजे तुमचं काय? मराठीत पुढचं नाम गाळता येतं. हिंदीतही 'आपका ध्यान में है, देखेंगे' म्हणून निभावलं असतं. इंग्रजी नाम मागते. 'तुमचं येणं' म्हटलं की कबुली झाली. 'तुमचं प्रकरण' म्हटलं की नुसती विचारपूस. वकीलसाहेब म्हणाले, "ताई, 'युवर मॅटर' लिहा ना. चूक तर नाही." खरंच चूक नव्हती. अडचण तीच होती.

मी त्यांना विचारलं, "पैसे देणं लागतात का ते?" ते म्हणाले, "लागतात. माल घेतला, वापरला, तक्रार केली नाही." "मग?" "मग काय? मुदत गेली. मी तो मुद्दा घेतला नाही, तर मी माझ्या अशिलाचा वकील कसला?"

या उत्तराला बेइमानी म्हणून उडवून लावता येत नाही. मुदतीच्या नियमामागे नैतिक विचार आहे. साक्षीदार मरतात, कागद वाळवी खाते, आठवणी आपल्याला सोयीच्या होतात. वीस वर्षांनी कोणी जुनी चिठ्ठी घेऊन दारात उभा राहिला, तर खरं देणं फेडलेल्या माणसालाही ते सिद्ध करता येणार नाही. शिवाय कोणतं देणं खरं हे वकिलानेच आधी ठरवायचं, तर न्यायाधीश कशाला हवा? नावडत्या माणसाला वकील मिळणंच बंद होईल.

तरीही या व्यवसायातल्या सगळ्यांना हे पटलेलं नाही. बाल्टिमोरचे डेव्हिड हॉफमन यांनी १८३६ साली वकिलांसाठी पन्नास संकल्प लिहिले. त्यांतला एक याच मुद्द्यावरचा आहे : देणं खरं आहे हे अशिलाला ठाऊक असेल आणि केवळ काळ लोटला एवढाच बचाव असेल, तर तो मी मांडणार नाही, त्याच्या लबाडीत भागीदार होणार नाही. वाचायला हे फार बरं वाटतं. पण आपल्याकडे हा संकल्प पाळताच येत नाही. मुदत कायद्याचं कलम ३ सांगतं की प्रतिवादीने मुद्दा काढला नाही, तरी मुदतबाह्य दावा न्यायालयाने फेटाळायचाच. म्हणजे वकील गप्प बसला तरी वर्कशॉपवाल्याला पैसे मिळणार नव्हते.

मग हा नियमच वाईट का? आपल्या इतिहासात त्याची उलटी बाजूही आहे. १८५९ च्या कायद्याने कर्जरोख्यांना तीन वर्षांची मुदत घातली. हेतू चांगला होता : व्याज साचत जाऊन कुणबी बुडू नये. घडलं असं की सावकार दर तीन वर्षांनी जुनं मुद्दल आणि थकलेलं व्याज एकत्र करून नवा रोखा लिहून घेऊ लागले आणि नव्या रकमेवर नवं व्याज सुरू झालं. कर्जदार अंगठा उठवत राहिला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात लोकांनी सावकारांच्या वह्या आणि रोखे जाळले, त्यामागे ही तीन वर्षांची मुदतही होती. पुढे १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने न्यायालयांना रोख्यावरच्या आकड्यामागे जाऊन मूळ व्यवहार तपासायची मुभा दिली.

तिथे ऋणको दुबळा होता, धनको बळकट. भिलाईत नेमकं उलट. पोलाद कारखान्याच्या आधाराने वाढलेल्या या गावात शेकडो छोटी वर्कशॉपं मोठ्यांच्या ऑर्डरवर जगतात. इथे येणेकरी दुबळा आहे. लहान उद्योगांसाठी २००६ चा कायदा आहे. पंचेचाळीस दिवसांत पैसे द्या, नाहीतर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज भरा, असं तो सांगतो. पण तक्रार केली की पुढची ऑर्डर गेली, हे प्रत्येक वर्कशॉपवाल्याला कळतं. मुदतीच्या नियमाचं समर्थन करताना म्हणतात, हक्कावर जो झोपतो त्याला कायदा मदत करत नाही. हा माणूस झोपला नव्हता. दर दोन महिन्यांनी तो ठेकेदाराच्या ऑफिसात जाऊन बाकावर बसत होता. त्याच्या गप्प राहण्याला आळस म्हणायचं की अवलंबन, हा प्रश्न तीन वर्षांचा हिशेब करताना कुठेच येत नाही.

म्हणून वाटतं, वकिलाच्या नीतीची परीक्षा तो मुद्दा मांडतो की नाही यात नाही. त्याच्या अलीकडे, बंद दाराआड, अशिलाशी तो काय बोलतो यात आहे. कारण कायद्यानेच एक दार उघडं ठेवलं आहे. मुदत संपली की दाद मागायचा मार्ग बंद होतो, देणं मरत नाही. १८७२ च्या करार कायद्याचं कलम २५ सांगतं की मुदतबाह्य देणंही फेडीन असं देणेकऱ्याने सहीनिशी लिहून दिलं, तर तो करार बंधनकारक होतो. म्हणजे जो विवेक हॉफमनने वकिलाच्या तोंडात ठेवला होता, तो आपल्या कायद्याने अशिलाच्या हातातल्या पेनात ठेवला आहे. ते पेन त्याच्यापुढे ठेवणं वकिलाच्या हाती उरतं. बार कौन्सिलचे नियमही वकिलाने स्वतःला अशिलाचं केवळ मुखपत्र समजू नये असं बजावतात.

गांधीजींची दक्षिण आफ्रिकेतली वकिली १८९३ साली अशाच एका व्यापारी दाव्याने सुरू झाली. दादा अब्दुल्ला यांचा तय्यब शेठ यांच्यावर चाळीस हजार पौंडांचा दावा होता. गांधीजींनी दोघांना लवादाकडे नेलं आणि निकाल आपल्या अशिलाच्या बाजूने लागला. त्यानंतर त्यांनी आपल्याच अशिलाची समजूत घातली, की रक्कम एकदम न मागता दीर्घ मुदतीच्या हप्त्यांनी घ्यावी, नाहीतर समोरचा दिवाळखोर होईल. निकालाने अशिलाला दिलेलं त्यांनी काहीच सोडलं नाही. आपल्या बाजूच्या माणसाशी मात्र ते परक्यासारखं, खरं बोलले.

पत्राचं मी काय केलं? 'तुमचं' चं भाषांतर शब्दशः केलं, इंग्रजीत ते लंगडं दिसलं तसंच ठेवलं. खाली टीप दिली : मूळ मराठीत नाम गाळलेलं आहे, व्यवहाराच्या पत्रात त्याचा अर्थ येणं असाही होतो, प्रकरण असाही. वकीलसाहेबांनी टीप दोनदा वाचली. म्हणाले, "ही मला नडणार." काढायला मात्र सांगितलं नाही.

लवादाने टीप वाचली आणि पत्र कबुली म्हणून धरायला पुरेसं स्पष्ट नाही असं ठरवलं. वर्कशॉपवाला हरला. संदिग्ध होतं ते संदिग्धच ठेवलं, तर त्याचा फायदा बहुधा बळकटाला होतो, हे मला तेव्हा कळलं. तरी आज तेच पत्र आलं, तर मी तेच लिहीन. त्या माणसाबद्दलची माझी सहानुभूती ठेकेदाराच्या वाक्यात घालण्याचा मला अधिकार नव्हता.

नंतर वकीलसाहेबांनी ठेकेदाराला ऑफिसात बोलावून कलम २५ समजावून सांगितलं. देणं अजून आहे, लिहून द्या किंवा सरळ देऊन टाका, असं म्हणाले. ठेकेदाराने चहा घेतला आणि म्हणाला, "पाहू." हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा हसले नाहीत. त्या ठेकेदाराचं पुढचं काम त्यांच्याकडे आलं नाही. त्या 'पाहू' चं भाषांतर मला कोणी विचारलं नाही. तिथे गाळलेलं नाम कोणतं, हे आम्हा दोघांनाही कळलं होतं.